लेक्सिंग्टनचं दूध आणि न्यूयॉर्कमधला ज्यूस

हा कालच्या एपिसोडचा लिहिलेला भाग, म्हणजे ज्यांचं लोकलमध्ये नेटवर्क जातं त्यांची सोय. बोलताना मी दोन ठिकाणी फारच वाहवत गेलो होतो, तेवढं कापलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

विषय जरा जड आहे. हेरॉइन किंवा अफूच्या घराण्यातल्या इतर नशेवर उपचार घेणारा माणूस, त्याचं खाणंपिणं आणि त्याचं मन. आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं असतं: चांगलंचुंगलं खायला घाला, गावी पाठवा, हवापालट झाली की होईल बरा. हाच प्रयोग अमेरिकेने सरकारी खर्चाने, कित्येक वर्षं करून पाहिलाय. त्याचं काय झालं, ते आज बघू.

१९३५ साली केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहराबाहेर, एक अजब संस्था उघडली. अर्धा तुरुंग, अर्धं हॉस्पिटल, आणि भोवती साधारण हजार एकर जमीन. लोक तिला सरळ ‘नार्कोटिक फार्म’ म्हणायचे. शिक्षा झालेले कैदी तिथे असत आणि स्वतःच्या पायांनी आलेले रुग्णही असत. कल्पना अगदी आपल्या आजीला पटेल अशी: शहराच्या गल्लीतून माणूस उचलायचा, मोकळ्या हवेत ठेवायचा, हाताला काम आणि पोटाला अन्न द्यायचं. गाई होत्या, दूध तिथलंच. शेतात राबायचे ते रुग्णच.

तिथे हिमल्सबाख नावाचे एक डॉक्टर होते. नशा तुटल्यावर जो त्रास होतो, म्हणजे विड्रॉल, त्याला त्यांनी चक्क मार्क द्यायला सुरुवात केली. जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, उलटी, ताप, सगळ्याला मार्क. भूक मेली की मार्क, वजन उतरलं की त्याचेही मार्क. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना मोजणारा माणूस लगेच आवडतो. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या: १९३०च्या दशकातही डॉक्टरांना ठाऊक होतं की या आजाराचा रस्ता जेवणाच्या ताटावरून जातो. नशेत असताना भूक मंदावते, आतडी सुस्त होतात, पैसा आणि दिवस दोन्ही पुढच्या पुडीमागे जातात. आणि नशा तुटली की उलट्या-जुलाबांनी उरलंसुरलंही निघून जातं.

मग लेक्सिंग्टनला काय व्हायचं? विड्रॉल ओसरायचा, भूक परत यायची. काही महिन्यांत गाल भरायचे, वजन वाढायचं. कागदावर माणूस ठणठणीत. तो गाडीत बसून न्यूयॉर्कला किंवा शिकागोला घरी जायचा, आणि पुढे ज्या ज्या वेळी पाठपुरावा झाला त्या त्या वेळी दिसलं की त्यातली बहुसंख्य माणसं पुन्हा नशेकडे वळलेली आहेत. सगळी नाही हं. सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स १९५५मध्ये तिथे गेले आणि खरोखर सुटले. पण अशी नावं बोटांवर मोजावी लागतात, म्हणून तर ती लक्षात राहतात.

तिथल्याच विकलर नावाच्या डॉक्टरांनी एक विचित्र गोष्ट टिपली. कित्येक महिने नशेला न शिवलेला, खाऊनपिऊन तगडा झालेला माणूस जुन्या गल्लीत पाऊल ठेवतो, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, पोट ढवळतं. म्हणजे विड्रॉल. शरीरात औषधाचा कण नसताना. दूध, भाजी आणि उन्हाने माणसाचं शरीर भरून आलं होतं, पण डोक्यातली एक भूक तशीच जागी होती, आणि तिला गल्लीचा पत्ता पाठ होता.

आता या गोष्टीतली माझी आवडती व्यक्ती. मेरी निस्वांडर. शिकून डॉक्टर झाल्या, सर्जन व्हायचं होतं, पण नौदलाला बाई सर्जन नको होती. म्हणून १९४५मध्ये त्यांची रवानगी झाली लेक्सिंग्टनला. तिथला तुरुंगी कारभार त्यांना अजिबात रुचला नाही. पुढे त्या मानसोपचारतज्ज्ञ झाल्या, न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये नशेच्या रुग्णांबरोबर काम केलं आणि १९५६ साली एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच त्यांनी नशेबाजाला ‘पेशंट’ म्हटलं होतं. त्या काळात हे धाडसच.

ते पुस्तक वाचलं व्हिन्सेंट डोल यांनी. हे कोण? रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधले चयापचयाचे संशोधक. पदवी गणिताची, मग डॉक्टरकी, आणि संशोधनाचा विषय होता लठ्ठपणा आणि रक्तातली चरबी. अफूशी काही संबंध नाही! पण लठ्ठपणाच्या रुग्णांमध्ये त्यांनी एक नमुना पाहिला होता. हॉस्पिटलात मोजून-मापून खाऊ घालून वजन उतरवलं, तरी माणूस बाहेर पडला की खाण्याची ओढ त्याला परत खेचते. अशा माणसाला ‘इच्छाशक्ती नाही’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. डोल यांना शंका आली की ही ओढ शरीराच्या रसायनातच कुठेतरी मुरलेली असणार. तीच शंका घेऊन ते हेरॉइनकडे वळले. उपासमार आणि जेवणाचा अभ्यास करणारा माणूस व्यसनाकडे ‘भूक’ म्हणून बघतो, हे मला फार थोर वाटतं.

१९६४च्या सुरुवातीला डोल, निस्वांडर आणि मेरी जीन क्रीक नावाची एक तरुण डॉक्टर, अशा तिघांनी काम सुरू केलं. पहिले दोन रुग्ण हेरॉइनचे जुने बळी. आधी त्यांना मॉर्फिन देऊन पाहिलं. डोस वाढवावाच लागत होता, आणि दोघे दिवसभर गाऊन घालून टीव्हीसमोर बसायचे. पुढचं इंजेक्शन कधी, एवढाच विचार. मग त्यांना मेथाडोनवर नेलं. हेही अफूच्याच घराण्यातलं औषध, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत तयार झालेलं. पण ते तोंडाने घेता येतं आणि दिवसभर पुरतं. हेरॉइनचा असर काही तासांत उतरतो, म्हणजे दिवसातून कित्येकदा चढ आणि कित्येकदा घसरण. मेथाडोन हळू चढतं आणि सपाट रेषेत चालतं. इंजेक्शन करता येऊ नये म्हणून ते फळांच्या रसात घालून द्यायचे.

आणि मग काही आठवड्यांत एकाने चित्रं काढायला घेतली. दुसरा म्हणाला, मला शाळा पुरी करायची आहे.

याबद्दल बोलताना काल मी थांबलो होतो, ऐकलं असेल तुम्ही. कारण या दोघांना कुणी समुपदेशनाचं मोठं व्याख्यान दिलेलं नव्हतं. खास आहार नव्हता. हॉस्पिटल तेच, डॉक्टर तेच. फक्त पुढच्या डोसची वाट बघणं संपलं, आणि त्या रिकाम्या जागेत इतर इच्छा येऊन बसल्या. झोप, जेवण, रंग, अभ्यास. १९६५मध्ये २२ रुग्णांचा अहवाल अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. १९६७च्या लेखात डोल आणि निस्वांडर यांनी हेरॉइनच्या व्यसनाला थेट ‘चयापचयाचा आजार’ म्हटलं. माझ्या मते ते थोडं ताणलेलं आहे. गरिबी, गल्ली आणि एकटेपणा कुठल्याही रक्ततपासणीत दिसत नाहीत. पण त्या शब्दाने एक मोठं काम केलं. रुग्णाची लाज थोडी कमी केली.

आता अन्नाकडे परत येतो. क्रीक यांनी या रुग्णांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं. मेथाडोन दीर्घकाळ सुरक्षित आहे हे दाखवलंच, पण त्रासही नोंदवले: घाम, बद्धकोष्ठता. आतड्यांनाही या औषधाला प्रतिसाद देणारी ग्रहणकेंद्रं असतात, त्यामुळे ती मंदावणारच. शिवाय उपचारावरच्या लोकांचं वजन वाढतं आणि त्यांना गोड फार लागतं, हे नंतरच्या कितीतरी अभ्यासांत आलंय. १९७३ साली मेंदूतली ही ग्रहणकेंद्रं सापडली आणि १९७५मध्ये मेंदू स्वतःच बनवतो ती अफूसारखी द्रव्यं. गोड खाल्ल्यावर मिळणारं सुख काही अंशी त्याच वाटेने जातं. म्हणजे माणूस साखरेकडे का धावतो ते कोडं राहिलं नाही. त्यात औषधाने तोंड कोरडं पडतं, आणि कोरडं तोंड अधिक साखर म्हणजे दातांची वाट.

हे सगळं मी का वाचलं, तेही सांगतो. माझा एक मावसभाऊ सध्या उपचार घेतोय. त्याला ब्युप्रेनॉर्फिन चालू आहे, जिभेखाली विरघळवायची गोळी. मेथाडोनचीच चुलत बहीण समजा. सहा महिन्यांत त्याचा चेहरा भरला. मावशी इतकी खूश झाली की डिंकाचे लाडू काय, शिरा काय. आणि गेल्या महिन्यात मला फोन: “अरे, आता तब्येत सुधारली ना त्याची, मग ती गोळी कशाला? तू जरा बोल ना डॉक्टरांशी, बंद करा म्हणावं.” माझ्या डोळ्यांसमोर लेक्सिंग्टनचा गोठाच आला. गाल भरले म्हणजे माणूस बरा, हीच ती मोजपट्टी.

मी तिला म्हटलं, मावशी, वजनकाट्यावर ती भूक दिसत नाही. गोळी अचानक थांबवली तर ओढ परत येते. शिवाय मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे जुना डोस एकदा जरी घेतला तरी श्वास बंद पडू शकतो. माणसं अशीच जातात. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “मग मी करू तरी काय?”

तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांशी बोलून आम्ही जे ठरवलं ते असं. जेवणाच्या वेळा पक्क्या. सकाळी उपाशीपोटी चहा-बिस्किटांवर भागवायचं नाही. डाळ, उसळ, अंडी, पालेभाजी, भाकरी, भरपूर पाणी. म्हणजे पोट साफ राहायलाही मदत. लाडू बंद नाही, पण रोज चार नाही. गोळी पूर्ण विरघळली की पाण्याने चूळ भरायची आणि दात घासायला तासभर थांबायचं, कारण या गोळीने दात खराब होतात हे आता माहीत आहे. आणि मुख्य म्हणजे तो ताटावर एकटा बसणार नाही. हे शेवटचं मावशीने स्वतःच ठरवलं.

न्यूयॉर्कच्या गोष्टीचं पुढे काय झालं? १९७१मध्ये निक्सन सरकारने नशेविरुद्ध मोहीम काढली आणि मेथाडोनची केंद्रं भराभर वाढली. संख्या वाढली, पण आत्मा आटला. बऱ्याच ठिकाणी उरली ती नुसती रांग: या, कपातलं प्या, जा. नोकरीला मदत, घर, कुणीतरी नावाने ओळखणारं माणूस, हे हळूहळू गळत गेलं. १९७६ साली डोल आणि निस्वांडर यांनी दहा वर्षांचा आढावा लिहिला तेव्हा त्यात नोकरशाहीबद्दलची नाराजी स्पष्ट होती. म्हणजे लेक्सिंग्टनने जेवण दिलं पण डोक्यातली भूक सोडून दिली, आणि या केंद्रांनी डोक्यातली भूक शमवली पण माणसाचं बाकीचं आयुष्य दाराबाहेर ठेवलं.

आपल्याकडे १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ आली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण उभं केलं. ती पूर्ण वेगळी वाट, औषधापेक्षा माणसांच्या सोबतीवर उभी. तिच्यावर मला स्वतंत्र एपिसोड करायचाय, दोन ओळींत उरकायची गोष्ट नाही ती.

मावशीचा काल रात्री मेसेज आला. भाऊ म्हणाला म्हणे, उद्या पिठलं मी करतो. मीठ जास्त पडलं होतं, पण सगळ्यांनी खाल्लं.

भेटू पुढच्या रविवारी. कुणाच्या घरी असा उपचार चालू असेल आणि गोळीबद्दल शंका असेल, तर ती गोळी देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. मला मेल केलात तर मीही तेच सांगेन.