हरिश्चंद्र, सैरंध्री आणि सावकार

जुने चित्रपट नव्याने काढण्याची जी लाट अधूनमधून उसळते, तिच्याविषयी तक्रार करणारे रसिक बहुधा असे गृहीत धरून चालतात की, हा सारा कल्पनादारिद्र्याचा प्रकार असून अलीकडच्या व्यापारी वृत्तीने तो जन्मास घातला आहे. आपल्या चित्रपटव्यवसायाचे जुने दप्तर उघडून पाहिले, तर या तक्रारीस पहिल्याच पानावर उत्तर मिळते. कारण ज्या दादासाहेब फाळक्यांनी ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला, त्यांनीच चार वर्षांनी, १९१७ साली, ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने तेच आख्यान पुन्हा चित्रित केले. त्या काळच्या प्रेक्षकास यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते, कारण कीर्तनाला बसणारा श्रोता हरिश्चंद्राचे पुढे काय झाले हे ऐकण्यासाठी मुळीच जात नसे. ते त्याला आजीच्या मांडीवरच कळलेले असे, आणि बुवा ते कसे सांगतात एवढेच त्याचे कुतूहल असे.

शिवाय त्या वेळची फीत नायट्रेटची, ज्वालाग्राही आणि अल्पायुषी. अशा फितीवर उतरलेली सुमारे ३७०० फुटांची, चार रिळांची ‘राजा हरिश्चंद्र’ ही कृती नाटकाच्या संहितेप्रमाणे छापून ठेवता येणारी नव्हती. यंत्रातून धावता धावता ती झिजत होती. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्रा’ची म्हणून पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे जतन झाली आहेत, आणि तीसुद्धा वस्तुतः १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत असे काही इतिहासकारांचे मत आहे. हे मत खरे मानले तर भारतीय चित्रपटाचे आद्यबीज म्हणून ज्या दृश्यांना आपण आदराने नमस्कार करतो, ती दुसऱ्या खेपेची आहेत. आणि ‘मूळ ते श्रेष्ठ’ हा दंडक उराशी धरून बसणाऱ्यांनी मग नमस्कार कोणास करावा, याचा फैसला त्यांचा त्यांनीच करावा.

फाळक्यांच्या १९१३ च्या चित्रपटातली तारामती पुरुषाने वठवली होती. स्त्रीपात्रासाठी जाहिराती देऊन झाल्या, कलावंतिणींच्या वस्तीतही विचारणा झाली. परंतु ज्यांची अब्रू समाजाने आधीच मोडीत काढली होती, त्यांनाही कॅमेऱ्यासमोर उभे राहणे कमीपणाचे वाटले, आणि अखेरीस ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसावे लागले. यानंतर एकोणीस वर्षांनी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली हेच आख्यान ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलपटात आणले, त्या १९३२ सालच्या चित्रपटात तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या: प्रतिष्ठित घराण्यात वाढलेल्या आणि कॉलेजात शिकलेल्या. कथेतला एक धागाही हललेला नव्हता. डोंबाघरची चाकरी तीच आणि स्मशानातली परीक्षाही तीच होती. परंतु या दोन तारामतींच्या मध्ये जे एकोणीस वर्षांचे अंतर आहे, त्यात महाराष्ट्रातील पांढरपेशा स्त्रीच्या सार्वजनिक जीवनाचा केवढा तरी इतिहास सामावलेला आहे, आणि कथा तीच असल्यामुळेच तो इतका स्पष्ट दिसतो. गोविंदराव टेंब्यांनी या चित्रपटात हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिले. संगीत नाटकाची अर्धशतकाची पुंजी त्यामुळे पडद्यावर जमा झाली, जी फाळक्यांच्या मूक राजाला देऊ करणेही शक्य नव्हते.

परंतु नवे साधन हाती आले म्हणजे जुनी कथा आपोआप जिवंत होते असे नाही, आणि त्याचा दाखला याच प्रभातच्या खात्यावर नोंदलेला आहे. शांतारामबापू, दामले, फत्तेलाल आणि धायबर ही मंडळी मूळची बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेली. बाबूरावांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर चित्रित केलेली ‘सैरंध्री’ फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रगृहात लागली, तेव्हा ती नुसती महाभारतकथा नव्हती. याच कथेवरचे खाडिलकरांचे नाटक ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले होते, कीचकाच्या रूपात लोकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले होते, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली होती. त्यामुळे बंदीखालच्या नाटकाचा गाभा पडद्यावर पाहताना प्रेक्षकाच्या मनात काय चालले असेल, हे वेगळे सांगावयास नको. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच पार्श्वभूमीवर. पुढे १९३३ मध्ये प्रभातमध्ये शिष्याने, म्हणजे शांतारामबापूंनी, गुरूची ही कृती पुन्हा हाती घेतली ती रंगांच्या मोहाने. फीत जर्मनीत नेऊन रंगीत प्रती काढल्या, खर्च अवाढव्य झाला, रंग भडक आणि बेभरवशाचे उतरले, आणि चित्रपट चालला नाही. अपयशाचा दोष सामान्यतः जर्मन प्रयोगशाळेच्या माथी मारला जातो. मला तो पुरता पटत नाही. रंग उत्तम उतरले असते तरीसुद्धा १९३३ सालच्या प्रेक्षकाला या कीचकात कोण दिसावे याचा विचार त्या उद्योगात कोठे झाल्याचे दिसत नाही, आणि जी कथा १९२० मध्ये ठिणगी होती ती आता केवळ पोशाखी देखावा उरली होती.

याच्या उलट उदाहरण खुद्द बाबूरावांचे आहे. त्यांचा १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’ हा देवादिक आणि ऐतिहासिक वीर यांनी गजबजलेल्या पडद्यावर कर्जबाजारी कुणबी आणून उभा करणारा. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामबापूंनीच केली होती. खोटे दस्तऐवज, हातातून गेलेली जमीन, मग शहराची वाट आणि गिरणीतली मजुरी, असा त्याचा प्रवास. दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सुपे येथे सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली, १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला, तरी गहाण आणि जप्ती हे शब्द खेड्यातून गेले नव्हते. आणि १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळल्यावर तर ते पुन्हा घरोघरी ऐकू येऊ लागले. अशा वेळी, १९३६ मध्ये, बाबूरावांनी आपलीच कथा बोलपट म्हणून पुन्हा काढली. विषय शिळा झाला नव्हता, उलट अधिक बोचरा झाला होता, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

ध्वनीचा उपयोग त्यांनी कसा केला याविषयी चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. मूकपट त्यांना अंधूकसा स्मरत होता. परंतु बाबूराव केवढे कलावंत आहेत हे त्यांना बोलपट पाहिल्यावरच उमगले, आणि त्यांच्या मनात राहिले ते मंद प्रकाशात टिपलेले एक उदास झोपडे व त्यावर उमटणारे कुत्र्याचे रडणे. बोलपटाच्या त्या पहिल्या भरात, जेव्हा प्रत्येक निर्माता पदांची संख्या वाढवून ध्वनीचा मोबदला वसूल करीत होता, तेव्हा एका मुरलेल्या चित्रकाराने ध्वनीकडून एवढेच मागितले. १९२५ ची प्रत आज उपलब्ध नसल्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याची सोय नाही, आणि वाडियांच्या साक्षीविरुद्ध दुसरी साक्ष माझ्या हाती नाही. तेव्हा पुनर्निर्मितीच्या पक्षात मी जो निकाल देतो, तो या एका झोपड्याच्या आधारावर देतो.