शाई, शाही आणि इंक

मे २०२४. सुरतेत एका वह्यापुस्तकांच्या दुकानात शाई मागितली. दुकानदार खानदेशातला, आतला पोऱ्या गुजराती. "शाहीनी बाटली आप," असे म्हणून त्याने बाटली काढवली आणि बिलावर लिहिले 'इंक'. एका बाटलीत तीन शब्द!

गुजरातीतल्या 'शाही'ने माणूस हमखास फसतो. तिथे दौतीतली शाही आणि राजेरजवाड्यांची शाही यांचे स्पेलिंग एकच. मराठीने लोकशाहीतला 'ह' ठेवला, दौतीतला गाळला, म्हणून आपला घोटाळा टळला. राजाचा इथे संबंध नसावा. मूळ फारसी 'सियाही', म्हणजे काळेपणा. 'स्या'चा 'शा' यकारामुळे झाला असावा; एरवी सुरती जिभेवर 'स'चा 'ह' होतो, सुरतेची 'हुरत' होते, पण 'ह्याही' काही झाली नाही. अर्थाच्या हिशेबाने 'लाल शाई' म्हणजे लाल काळेपणा. मास्तरांनी आयुष्यभर त्यानेच वह्या तपासल्या, कुणाला खटकले नाही.

'सियाह'चे गोत्र अवेस्तातल्या 'स्याव'शी, आणि तिथून वैदिक 'श्याव'शी जुळते. 'श्याम'ही त्याच घरातला दिसतो. तेव्हा शाईला परकी ठरवून 'मसी'चा आग्रह धरणाऱ्यांनी जरा दम धरावा. मसी तरी कोण? काजळीच. गुजराती आई बाळाच्या डोळ्यांत 'मेश' घालते ती हिचीच बहीण असावी. कन्नडमध्ये 'मसि' काजळीही आहे आणि शाईही. तमिळ 'मै' डोळ्यांतही चालते, कागदावरही. ग्रीकांची शाई 'मेलान', म्हणजे पुन्हा काळीच. संस्कृत कोशांत शाईच्या अर्थाने 'मेला' सापडतो, तो बहुधा ग्रीकांकडूनच आलेला.

जुन्या इंग्रजीतही शाईला आजच्या 'ब्लॅक'च्या पूर्वजानेच हाक मारीत; स्वीडिशमध्ये ती अजून 'ब्लेक'च आहे. मग हा 'इंक' मध्येच कुठून उपटला? जुन्या फ्रेंचमधून. त्यामागे लॅटिन 'एन्कौस्तुम' आणि त्यामागे ग्रीक 'एन्काउस्तोन', म्हणजे जाळून मुरवलेले. रोमन सम्राट ज्या जांभळ्या शाईने सही करीत, तिचे हे नाव. इतरांना ती वापरायची मनाई होती. खरी राजाची शाई बिलावरची 'इंक' निघाली, आणि 'शाही' निघाली काजळी!

जाळण्यावरून आणखी एक. शर्टावर शाई सांडली की आपण 'डाग' पडला म्हणतो. फारसी 'दाग' म्हणजे मुळात तापल्या लोखंडाची खूण. मराठी 'डागणी'त तो चटका शाबूत आहे. संस्कृत 'दह्'शी त्याचे नाते लावतात, ते पटण्यासारखे आहे. म्हणजे शाई इंग्रजीत जळते, डाग आपल्याकडे जळतो.

'एन्काउस्तोन'मधला जाळण्याचा ग्रीक धातू तोच, त्यातून इंग्रजीत 'कॉस्टिक' आला. सिल्व्हर नायट्रेटला जुने डॉक्टर 'ल्यूनर कॉस्टिक' म्हणत आणि त्याने चामखीळ जाळीत. हेच द्रव्य मतदानाच्या शाईत असते. १९६२ पासून ती म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते. लावताना जांभळी, आणि उजेडात काळी पडत जाते. म्हणजे सम्राटाच्या दौतीतून निघून सियाहीपर्यंतचा सगळा प्रवास ती एका नखावर करून दाखवते.

हे सगळे मी दुकानदाराला मोठ्या उत्साहाने ऐकवत होतो. त्याने निमूट ऐकून घेतले आणि डावी तर्जनी गल्ल्यावर टेकवली. कोरी करकरीत. सुरतेची लोकसभेची जागा त्या वर्षी बिनविरोध गेली, मतदान झालेच नव्हते.

"आमच्याकडं बाटलीतलीच आहे," तो म्हणाला. "निळी देऊ का काळी?"