आयडा ल्युपिनो आणि १३ वर्षांची पोकळी

'अमुक कलावंताची कारकीर्द' असा विषय घेतलात, की पहिला मोह होतो तो चित्रपटांची यादी करून तिलाच इतिहास समजण्याचा. ही यादी कुठे फसवते, ते आयडा ल्युपिनोंच्या बाबतीत बघा.

लंडनमध्ये १९१८ साली जन्मलेल्या, पुढे अमेरिकेच्या नागरिक झालेल्या ल्युपिनो वॉर्नर ब्रदर्सच्या नावाजलेल्या अभिनेत्री होत्या. 'हाय सिएरा'मध्ये (१९४१) त्यांचं नाव हम्फ्री बोगार्टच्याही आधी झळकतं! पण करार स्टुडिओच्या बाजूचा. भूमिका नाकारली की निलंबन. त्या रिकाम्या दिवसांत त्या इतरांचं दिग्दर्शन न्याहाळत.

मग पती कॉलियर यंग यांच्यासोबत त्या स्वतंत्र निर्मितीत उतरल्या. 'नॉट वॉन्टेड' (१९४९) हा कुमारी मातेवरचा चित्रपट. चित्रीकरण सुरू होताच दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ल्युपिनोंनी काम हातात घेतलं. पडद्यावर मात्र दिग्दर्शक म्हणून नाव क्लिफ्टन यांचंच. म्हणजे तुम्ही फक्त श्रेयनामावली उतरवून घेतलीत, तर दिग्दर्शिका ल्युपिनोंची सुरुवातच हुकली. यादीत त्या उगवतात त्या पुढच्या, पोलिओ झालेल्या नर्तिकेच्या 'नेव्हर फिअर'पासून. (त्यांना स्वतःलाही १९३४ मध्ये पोलिओ झाला होता.)

१९५३ मध्ये 'द हिच-हायकर' आणि 'द बिगॅमिस्ट' आले. दुसऱ्यात तर दिग्दर्शन करता करता अभिनयही. पण वितरणही आपणच करायचं हा निर्णय कंपनीला झेपला नाही. त्यानंतर ल्युपिनोंनी दिग्दर्शित केलेला मोठ्या पडद्यावरचा चित्रपट एकदम १९६६ चा, 'द ट्रबल विथ एंजल्स'. मधली १३ वर्षं कोरी. इथेच 'कारकीर्द ओसरली' असं वाक्य लिहून मोकळं व्हावंसं वाटतं.

थांबा, टीव्हीच्या याद्या काढा. 'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स', 'हॅव गन, विल ट्रॅव्हल', 'थ्रिलर' या मालिकांचे भाग त्या याच काळात दिग्दर्शित करत होत्या. मूळ 'ट्वायलाइट झोन'मध्ये स्त्रीने दिग्दर्शित केलेला एकमेव भाग, 'द मास्क्स' (१९६४), त्यांचाच.

टीव्हीने त्यांना का बोलावलं असेल? माझ्या मते, थोड्या पैशांत आणि ठरल्या दिवसांत काम उरकण्याची जी सवय स्वतःच्या छोट्या कंपनीत लागली, तिलाच तिथे मागणी होती. हे सिद्ध करायचं, तर समीक्षा बाजूला ठेवून निर्मितीची अंदाजपत्रकं आणि चित्रीकरणाची वेळापत्रकं शोधावी लागतील.