श्रोतृसंशोधन आणि कार्यक्रमनियोजन : १९५६ च्या पुणे प्रयोगाचा पुनर्विचार

सामुदायिक रेडिओच्या संदर्भात 'श्रोतृसंशोधन' हा शब्द अलीकडे वारंवार कानावर येतो. वर्षातून एकदा प्रश्नावली भरून घ्यावयाची, किती टक्के लोक केंद्र ऐकतात याचे कोष्टक करावयाचे आणि तो अहवाल निधी देणाऱ्या संस्थेस सादर करावयाचा, एवढाच त्याचा अर्थ बहुधा घेतला जातो. श्रोत्याने काही सांगितल्यामुळे पुढील आठवड्याचा कार्यक्रम बदलला काय, हा खरा प्रश्न मागेच राहतो. या प्रश्नाला पुणे आकाशवाणी केंद्राने १९५६ साली कृतीने उत्तर दिले होते. त्या प्रयोगाची कार्यपद्धती आणि पुढे तिच्या विस्तारात निसटलेली गोष्ट यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रयोगाची मूळ कल्पना कॅनडातील होती. तेथे १९४१ पासून शेतकरी गटागटाने रेडिओ ऐकत, चर्चा करीत आणि चर्चेचा वृत्तान्त केंद्राकडे कळवीत. युनेस्कोने या उपक्रमाचा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध केला व त्याच धर्तीवर भारतात प्रयोग करण्यास साहाय्य देऊ केले. पुणे केंद्र त्या वेळी नवे होते. त्याची स्थापना १९५३ ची. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत सुमारे १५० श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे एकूण २० कार्यक्रम प्रसारित झाले. गावातील सामुदायिक रेडिओसंचाभोवती मंडळाचे सभासद जमत, कार्यक्रम ऐकत आणि लगेच त्यावर चर्चा करीत. चर्चेचे टिपण ठेवून ते शंकांसह केंद्राकडे पाठविणे ही मंडळाच्या निमंत्रकाची जबाबदारी असे. या शंकांना पुढील प्रसारणात उत्तरे दिली जात.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि त्याची धुरा पॉल नॉयराथ यांनी वाहिली. हा योग लक्षणीय आहे. नॉयराथ मूळचे व्हिएन्नाचे. चित्रांच्या साहाय्याने आकडेवारी मांडण्याची पद्धत रूढ करणारे ओटो नॉयराथ हे त्यांचे वडील. नाझी छळछावण्यांतून सुटून ते अमेरिकेत पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकले. पॉल लाझार्सफेल्ड हे तेथील त्यांचे गुरू. लाझार्सफेल्ड यांनी १९३१-३२ मध्ये व्हिएन्नाच्या रेडिओसाठी केलेल्या पाहणीत एक लाखाहून अधिक श्रोत्यांच्या आवडीनिवडी नोंदविल्या गेल्या होत्या. म्हणजे युरोपातील श्रोतृसंशोधनाची परंपरा दोन पिढ्यांत पश्चिम महाराष्ट्राच्या चावडीपर्यंत येऊन पोहोचली.

मात्र येथे प्रश्न बदलला होता. व्हिएन्नात विचारले गेले, 'तुम्हांस काय ऐकावयास आवडते?' पुण्याच्या प्रयोगात विचारले गेले, 'ऐकल्याने आणि त्यावर बोलल्याने काय घडते?' त्यासाठी निवडक मंडळांच्या सभासदांच्या मुलाखती प्रसारणमालेच्या आधी व नंतर घेण्यात आल्या. तुलनेसाठी रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, तसेच दोन्हीही नाहीत अशी गावे घेतली. निष्कर्ष स्पष्ट होता : मंडळे असलेल्या गावांत विषयांचे ज्ञान ठळकपणे वाढले, नुसता रेडिओ असलेल्या गावांत ही वाढ त्या मानाने फारच थोडी होती. काही मंडळे तर चर्चेवर न थांबता गावकीचे निर्णय घेऊ लागली. जगदीशचंद्र माथूर आणि नॉयराथ यांनी लिहिलेला हा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रकाशित केला. माथूर त्या वेळी आकाशवाणीचे महासंचालक होते. हिंदीतील नाटककार म्हणूनही त्यांची ख्याती आहे.

विकाससंवादाच्या अभ्यासात या अहवालाचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या आदरात एक गफलत होते असे प्रस्तुत लेखकास वाटते. आधीच्या व नंतरच्या मुलाखतींची तुलना प्रसारणमाला संपल्यावरच होऊ शकत होती. त्या २० कार्यक्रमांपैकी एकालाही तिच्यामुळे वळण मिळणे शक्य नव्हते. कार्यक्रमांना वळण देण्याची क्षमता होती ती निमंत्रकांच्या साध्या टिपणांत. अभ्यासकांनी पहिल्यास संशोधन मानले आणि दुसऱ्यास पत्रव्यवहार. वस्तुतः कार्यक्रमनियोजनाच्या दृष्टीने दुसरेच अधिक मोलाचे संशोधन होते.

ही गफलत केवळ व्याख्येची नव्हे. १९५९ पासून ही योजना देशभर लागू झाली आणि मंडळांची संख्या काही हजारांवर गेली. येथे साधे गणित मांडून पाहावे. प्रत्येक कार्यक्रमानंतर प्रत्येक मंडळाने टिपण पाठविले असे धरले, तर पुण्याच्या प्रयोगातच सुमारे दहा आठवड्यांत ३,००० टिपणे होतात. ती वाचणे, निवडणे आणि त्यांवर तज्ज्ञांकडून उत्तरे मिळविणे हे प्रयोगापुरत्या जमविलेल्या मनुष्यबळावर निभावले. मंडळे वाढविताना टपाल वाचणाऱ्यांची तरतूद त्याच प्रमाणात वाढविणे अगत्याचे होते. सरकारी योजनेत मोजली जाते ती मात्र मंडळांची संख्या. उत्तर न मिळालेला निमंत्रक किती दिवस लिहीत राहील? १९६६ पासून आकाशवाणीत 'शेती व गृह' विभाग उभे राहिले आणि हरितक्रांतीच्या काळात बियाणे-खतांची माहिती पोहोचविण्यावर भर आला. प्रवाह एकमार्गी झाला.

सामुदायिक रेडिओला हे गणित पुन्हा अनुकूल झाले आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ज्या निकालपत्रांद्वारे म्हटले, त्यांतील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. २००६ च्या धोरणात प्रक्षेपणशक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटपुरती मर्यादित ठेवली असून निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने करण्याची अट आहे. शंभर वॅटच्या टापूत येणाऱ्या गावांची टिपणे दोन-तीन कार्यकर्ते दर आठवड्यास वाचू शकतात. त्यासाठी टक्केवारीची गरज नाही. आलेली शंका, तिच्यामुळे कार्यक्रमात झालेला बदल आणि उत्तर प्रसारित झाल्याची तारीख, एवढे तीन रकाने असलेली वही पुरे. महाविद्यालयीन केंद्रांत हे काम विद्यार्थ्यांकडे सोपविल्यास त्यांना क्षेत्रकार्याचाही लाभ होईल.

तथापि पुण्याचा कित्ता जसाच्या तसा गिरविता येणार नाही. १९५६ ची मंडळे प्रामुख्याने पुरुषांची होती. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास गावातील बाई चुलीपुढे असते, चावडीवर नसते. त्यामुळे तिची शंका निमंत्रकाच्या टिपणात येण्याचा संभव फारसा नव्हता. मंडळातील चर्चा कितीही मोकळी असली तरी मंडळात कोण बसले आहे हे तिने आधीच ठरविलेले असते. तत्कालीन उत्तर सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हसवड येथे, २००८ साली 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली ती ग्रामीण स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने. तेथे श्रोत्यांना शंका विचारण्याची वेळ कोणती आणि ती कोणाच्या सवडीने ठरते, हे तपासणे १९५६ च्या अहवालाशेजारी ठेवून करण्याजोगे संशोधन आहे.