पुलाला भेग दिसण्याआधीच ताण कळतो! काँक्रीटमधली काचेची तार काम कशी करते?

म्हसावद (ता. शहादा) : आपल्याकडून दोंडाईचाला जायचं तर सारंगखेड्याजवळ तापी ओलांडावी लागते. उसाचे ट्रॅक्टर, केळीचे ट्रक, एसटी, सगळं पुलावरूनच जातं. शेजारच्या गुजरातमध्ये 9 जुलै 2025 रोजी मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळला आणि किमान 20 जणांचा जीव गेला. तो पूल 1985 मध्ये सुरू झाला होता, म्हणजे जेमतेम 40 वर्षांचा. मग पूल आतून कमजोर होतोय हे आधी कळू शकतं का? त्यासाठीच ऑप्टिकल फायबर सेन्सर वापरतात.

ही तार म्हणजे काय?
ग्रामपंचायतीत इंटरनेट आणणाऱ्या केबलमध्ये असते तशीच ही केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यात ठरावीक जागी अगदी सूक्ष्म खुणा कोरलेल्या असतात. तारेतून प्रकाश सोडला की प्रत्येक खूण एका ठरावीक रंगाचा प्रकाश परत पाठवते. काँक्रीट ताणलं की तारही ताणली जाते आणि परत येणारा रंग किंचित बदलतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, यंत्र तो मोजतं. अशी खूण पहिल्यांदा 1978 मध्ये कॅनडात तयार झाली. तिथल्याच कॅलगरी शहरात 1993 मध्ये एका पुलात असे सेन्सर बसवले गेले.

किती बारीक मोजमाप?
1 मीटर लांबीचं काँक्रीट साधारण 0.1 ते 0.15 मिलिमीटर ताणलं गेलं की त्याला बारीक भेगा पडायला लागतात. ही तार त्याच्याही शंभराव्या हिश्शाएवढा बदल पकडते.

कुठे बसवतात?
नवीन पूल असेल तर स्लॅब ओतण्याआधी तार सळईला बांधतात. जुन्या पुलाला गर्डरच्या खालच्या बाजूला चिकटवतात. तारेतून वीज जात नाही, त्यामुळे तिला विजेच्या कडकडाटाचा त्रास नाही आणि गंजही चढत नाही. मात्र काँक्रीट ओतताना तार तुटू नये म्हणून फार जपावं लागतं.

उन्हाचं काय?
उन्हानेही आकडा बदलतो. म्हणून शेजारी दुसरी तार मोकळी ठेवतात. तिच्यावर भार येत नाही, ती फक्त तापमान सांगते. तेवढा फरक वजा केला की खरा ताण कळतो.

मग धोका संपला का?
नाही. एका दिवसाच्या आकड्यावरून फार काही कळत नाही. तोच ट्रक, तोच गर्डर, पण दरवर्षी ताण वाढत चालला असेल तर ती धोक्याची सूचना. ती वाचून वाहतूक थांबवायला माणूसच लागतो. शिवाय गर्डरवरची तार खांबाखालची वाहून जाणारी माती दाखवत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला. पुरात पायाची तपासणी वेगळीच करावी लागते.

आपण काय पाहायचं?
बऱ्याच लहान पुलांवर असं यंत्र नसतं. तिथे गावकऱ्यांचं लक्षच कामी येतं. नवी किंवा रुंदावणारी भेग, उघडी पडलेली गंजकी सळई, स्लॅबच्या सांध्यात वाढलेली फट, वाकडा झालेला कठडा किंवा खचलेला भराव दिसला तर फोटो काढा. जागा आणि तारीख लिहून सार्वजनिक बांधकाम विभागाला किंवा तहसील कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. पूल खचताना दिसला तर आधी गाड्या थांबवा आणि लगेच 112 वर फोन करा.