बुद्धिवाद
बुद्धिवाद : इंद्रियानुभवाचा आधार न घेता केवळ बुद्धीच्या बळावर जगाविषयीचे काही निश्चित ज्ञान मिळू शकते, असे मानणारी ज्ञानमीमांसेतील भूमिका. ज्ञानाचे स्वरूप, साधने व मर्यादा तपासणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेस ज्ञानमीमांसा म्हणतात. सर्व ज्ञानाचा उगम अनुभवात आहे, असे मानणारा अनुभववाद हा बुद्धिवादाचा प्रतिपक्ष होय. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात किती यंत्रे आहेत, हे तेथे जाऊन मोजल्याशिवाय कळत नाही. परंतु सात व पाच यंत्रे मिळून बारा होतात, हे कळण्यास कारखान्यात जावे लागत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानास अनुभवपूर्व ज्ञान म्हणतात आणि त्याची व्याप्ती कोठवर आहे, हाच वादाचा विषय आहे.

देकार्त (१५९६–१६५०), स्पिनोझा व लायप्निट्स यांनी गणिताचा आदर्श पुढे ठेवून स्वयंसिद्ध तत्त्वांपासून निगमनाने ज्ञानाची उभारणी केली, तर लॉक (१६३२–१७०४) यांनी उपजत कल्पनांचे अस्तित्वच नाकारले. कांट यांनी १७८१ मध्ये या दोन पक्षांचा समन्वय साधताना असे प्रतिपादन केले, की ज्ञानाचा आशय संवेदनांतून येतो, पण त्याला आकार बुद्धी देते.

भारतीय परंपरेत न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द ही चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, मानली. तथापि धुरावरून अग्नीचे अनुमान ज्या व्याप्तीवर, म्हणजे नियत साहचर्यावर, आधारलेले असते, ती व्याप्ती पूर्वीच्या निरीक्षणानेच कळते. त्यामुळे हे अनुमान पूर्णतः अनुभवनिरपेक्ष नसते.

मराठी विचारविश्वात रुजलेला बुद्धिप्रामाण्यवाद याहून वेगळा आहे. कराडजवळील टेंभू येथे जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारक’ पत्रातून रूढी व शब्दप्रामाण्य यांना विरोध केला. त्यांच्यावर मिल व स्पेन्सर यांच्या विचारांचा प्रभाव होता. त्यांपैकी मिल यांनी तर गणिती सत्येही अनुभवाच्या सामान्यीकरणातून येतात, असे मानले. म्हणजेच आगरकरांचा रोख अनुभवावर नसून, तपासल्यावाचून स्वीकारलेल्या अधिकारवचनांवर होता. ज्ञान कोठून येते, हा बुद्धिवादाचा प्रश्न आहे. आलेले ज्ञान कोणत्या कसोटीवर स्वीकारावे, हा बुद्धिप्रामाण्यवादाचा. म्हणून पहिल्या प्रश्नात अनुभववादी असलेली व्यक्ती दुसऱ्यात निःसंदिग्धपणे बुद्धिप्रामाण्यवादी असू शकते.