'आय अ‍ॅग्री' दाबल्यावर नेमकं काय होतं? करार कसा होतो आणि कोर्टात कधी टिकतो

नवीन अ‍ॅप टाकलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात आपण एक करार करून मोकळे होतो. सही नाही, स्टॅम्प पेपर नाही, साक्षीदार नाही. फक्त एक निळं बटण.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. पण लोक न वाचता दाबतात ती बटणं बनवणं हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून त्यामागचा कायदा मला समजून घ्यावा लागला. दुसरं कारण घरचं आहे. उमरेडहून पहिल्या नोकरीसाठी नागपूर-पुण्याला निघालेली पोरं मला ऑफर लेटरचा फोटो पाठवतात आणि विचारतात, "दादा, दोन लाखाचा बॉण्ड आहे, सही करू का?" या प्रश्नाचं उत्तर आणि त्या निळ्या बटणाचं उत्तर एकाच कायद्यात आहे. चला, क्रमाने बघू.

करार म्हणजे काय?

आपल्याकडे करारांचा मुख्य कायदा म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२. त्याची व्याख्या अगदी छोटी आहे: कायद्याने अंमलात आणता येतो तो समझोता म्हणजे करार. मित्राला "संध्याकाळी चहा पाजतो" म्हणणं हा समझोता असेल, पण त्यासाठी कोणी कोर्टात जाऊ शकत नाही. करार व्हायला या गोष्टी लागतात:

- प्रस्ताव: "माझा जुना फोन ८,००० ला देतो."
- स्वीकृती: "घेतो, ८,००० ला." पण "६,५०० ला दे" म्हटलं तर ती स्वीकृती नाही, तो उलट प्रस्ताव झाला. पहिला प्रस्ताव तिथेच संपला.
- मोबदला: दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यायला हवं. इकडून फोन, तिकडून पैसे.
- पात्रता: वय १८ पूर्ण आणि मानसिक स्थिती ठीक.
- मुक्त संमती: धमकी, दबाव, फसवणूक नको.
- कायदेशीर हेतू: बेकायदा कामाचा करार मुळातच रद्दबातल.

अमेरिकेतही प्रस्ताव, स्वीकृती आणि मोबदला हाच पाया आहे, कारण दोन्ही देशांच्या कायद्याचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. एक फरक मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेत जमिनीचा व्यवहार, एका वर्षात पूर्ण होऊच शकत नाही असा करार, किंवा साधारण ५०० डॉलर आणि त्यावरच्या मालाची विक्री यासाठी सहसा लेखी पुरावा लागतो. आपल्याकडे बहुतेक करार तोंडीसुद्धा चालतात. अडचण येते ती सिद्ध करताना.

खामगावची सरकी ढेप आणि एक फोन कॉल

तोंडी करार किती गंभीर असू शकतो, याचं देशभर शिकवलं जाणारं उदाहरण आपल्या विदर्भातलं आहे. २२ जुलै १९५९ ला अहमदाबादच्या एका व्यापारी पेढीने ट्रंक कॉलवर खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑईल मिल्सशी सरकीच्या ढेपेचा सौदा केला. माल आला नाही, असं म्हणत अहमदाबादवाल्यांनी तिथल्या सिटी सिव्हिल कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगाववाल्यांचं म्हणणं होतं की आम्ही 'हो' म्हटलं ते खामगावात, म्हणून खटलाही इथेच चालावा.

प्रश्न साधा वाटतो, पण तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. कायदा १८७२ चा, तेव्हा टेलिफोनच नव्हता. पत्राने स्वीकृती दिली तर पत्र पोस्टात टाकल्याबरोबर करार होतो, असा जुना नियम. फोनलाही तोच लावायचा का? बहुमताने कोर्ट म्हणालं, नाही. फोनवर दोघं समोरासमोर असल्यासारखंच बोलतात, म्हणून 'हो' जिथे ऐकू येतं तिथे करार होतो. म्हणजे अहमदाबादला. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं. ते होते एम. हिदायतुल्ला, आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. त्यांच्या मते कायद्याच्या शब्दांनुसार करार खामगावातच झाला होता.

आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक, नुसत्या फोनवरच्या बोलण्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत खटला गेला. कागद नव्हता म्हणून कोणी तो हसण्यावारी नेला नाही. दोन, करार 'कुठे' झाला यावर कोर्ट कोणत्या गावचं हे ठरू शकतं, आणि खर्च व चकरा त्यावरच अवलंबून असतात.

मग क्लिकचं काय?

ट्रंक कॉलच्या जागी आता स्क्रीन आली. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये नंतर कलम १०-अ घातलं गेलं. ते सांगतं की प्रस्ताव किंवा स्वीकृती इलेक्ट्रॉनिक रूपात आहे, एवढ्याच कारणावरून करार अमान्य ठरत नाही. २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ईमेलवर ठरलेला सौदा करार म्हणून मान्य केला, औपचारिक सही व्हायची राहिलेली असूनही. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर भाव, माल आणि तारीख पक्की करून "डन" लिहिलंत, तर 'मी कुठे सही केली?' हे उत्तर पुरेसं नाही. मृत्युपत्रासारखे काही दस्त मात्र या सोयीच्या बाहेर आहेत.

बटणाबद्दलचे गाजलेले निकाल अमेरिकेतले आहेत. २००२ च्या नेटस्केप प्रकरणात डाउनलोडचं बटण वर होतं आणि अटींची लिंक खाली, स्क्रोल केल्यावर दिसेल अशी. कोर्ट म्हणालं, दिसलंच नाही त्याला संमती कशी देणार? अटी ग्राहकाला लागू झाल्या नाहीत. २०१७ च्या उबर प्रकरणात नोंदणीच्या बटणाखालीच, स्वच्छ स्क्रीनवर अटींची लिंक होती. तिथे ग्राहक बांधला गेला, त्याने वाचल्या असोत की नसोत.

म्हणजे 'मी वाचलंच नाही' हा बचाव फारसा चालत नाही. 'मला दिसेल असं ठेवलंच नव्हतं' हा चालू शकतो. म्हणूनच आमच्या धंद्यात चेकबॉक्स आधीपासून टिक केलेला ठेवायचा की रिकामा, हा फक्त डिझाइनचा प्रश्न नसतो.

१८ च्या आत असाल तर

कोलकात्याच्या मोहोरी बीबी प्रकरणात १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की अज्ञान व्यक्तीचा करार सुरुवातीपासूनच रद्दबातल. मुलाने घर गहाण ठेवून कर्ज घेतलं होतं. गहाण रद्द झालं आणि सावकाराला पैसेही परत मिळाले नाहीत. अमेरिकेत असा करार साधारणपणे रद्द 'करता येण्यासारखा' असतो, निर्णय त्या मुलाच्या हातात.

पण याला पळवाट समजू नका. वय खोटं सांगून पैसे उचलले, तर मिळालेला फायदा परत करायला कोर्ट सांगू शकतं.

जॉब बॉण्ड: सही करू का?

इथे दोन वेगळ्या अटी असतात आणि पोरं त्या एकच समजतात.

पहिली: "नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही." करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कोणाला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी आपल्या कोर्टात सहसा टिकत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया याबाबत आपल्यासारखाच कडक आहे, इतर अनेक राज्यांत मात्र वाजवी बंदी चालते. कंपनीची गुपितं बाहेर न देण्याची अट वेगळी, ती टिकते.

दुसरी: "तीन वर्षं काम करा, नाहीतर अमुक रक्कम भरा." ही आपोआप रद्द होत नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट कायम ठेवली. सरकारी बँकेला भरतीसाठी करावा लागणारा खर्च आणि त्या अधिकाऱ्याचा हुद्दा-पगार पाहता रक्कम अवाजवी नाही, असं कोर्टाने म्हटलं.

मग १८ हजार पगाराच्या पोराला दोन लाखाचा बॉण्ड? इथे कलम ७४ कामी येतं. करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट त्याच्या आत 'वाजवी भरपाई' देतं, आणि नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं. कंपनीने खरंच ट्रेनिंगवर खर्च केला का, किती केला, आणि तुम्ही त्यातले किती महिने काम केलं, हे सगळं महत्त्वाचं.

म्हणून माझं उत्तर असं असतं: सही करण्याआधी ट्रेनिंग कोणतं, खर्च किती आणि महिन्यागणिक बॉण्डची रक्कम कमी होते का, हे ईमेलवर विचारून घे. ओरिजिनल मार्कशीट दाखव, पण ठेवायला देऊ नको, झेरॉक्स दे.

रूम आणि लोन अ‍ॅप

नागपुरात रूम घेताना 'अकरा महिन्यांचा कागद आहे, रजिस्टर कशाला?' असं ऐकाल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

लोन अ‍ॅपसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. कर्जाआधी सगळा खर्च दाखवणारं मुख्य माहितीपत्रक द्यावं लागतं, आणि त्यात नसलेलं शुल्क नंतर लावता येत नाही. विचार बदलला तर किमान एक दिवसाच्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. अ‍ॅपने तुमचे काँटॅक्ट मागायचे नसतात. मागत असेल तर तिथेच थांबा.

कोर्टात टिकायला काय लागतं?

- पुरावा: चॅट डिलीट करू नका, पूर्ण एक्स्पोर्ट करून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. नुसता कापलेला स्क्रीनशॉट कमजोर पडतो.
- मुदत: करार मोडल्यापासून साधारण तीन वर्षांत दावा करावा लागतो.
- जागा: अनेक अमेरिकन अ‍ॅपच्या अटींत 'कॅलिफोर्नियाचा कायदा लागू' असं असतं. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. उमरेडकरासाठी नागपूर. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर तक्रार ऑनलाइन भरता येते. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही हेल्पलाइन आहे.
- अन्याय्य अटी: याच कायद्यात एकतर्फी, ग्राहकाचं नुकसान करणाऱ्या अटींना आव्हान देण्याची सोय आहे. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं.

सगळ्या अटी वाचणं कोणालाच जमत नाही, मलाही नाही. पण पैसे, नोकरी किंवा घर यांचा संबंध असेल तिथे चार शब्द शोधा: रक्कम, मुदत, रद्द करणे, वाद. फोनमधल्या 'फाइंड इन पेज'ने दोन मिनिटांत सापडतात. त्या चार ओळी वाचून मगच बटण दाबा.